न वाजलेला हूटर

"झोपला होता तो. सहीनिशी लिहून दिलंय त्याने," शैलेश साहेब म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "तू आता उगाच उकरून काढू नकोस, वर्षा."

फाइलमध्ये बन्सीकाकांचा जबाब होता, खाली डाव्या हाताने केलेली वाकडी सही. बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात वीस वर्षं एक नंबरच्या रिॲक्टरवर उभ्या राहिलेल्या माणसाने लिहून दिलं होतं: मला डुलकी लागली, हूटर ऐकू आला नाही. रिॲक्टर तापला, झाकणाच्या कडेने उकळता माल उडाला आणि काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हात बरा व्हायच्या आत त्यांना गेटवर बसवलं. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, हूटर वाजलाच नव्हता."

"प्रोग्रामला मर्यादा दिलेली होती. तूच दिली होतीस ना?"

मीच दिली होती, तेच तर! रिॲक्टरच्या तापमानावर लक्ष ठेवणारा आमचा जुना कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी कायमचा बसला. तेव्हा मी नव्या पीसीवर इम्युलेटर चढवला, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम. तो सुरू करताना एक लांबलचक ओळ टाइप करायची. तिच्यातले ऑप्शन त्याला काय काय करायचं ते सांगतात. किती तापमानाला हूटर वाजवायचा, हा त्यातलाच एक. रिॲक्टर तीन होते, म्हणून तो ऑप्शन मी त्या ओळीत तीनदा लिहिला, दर वेळी रिॲक्टरचा नंबर आणि त्याची मर्यादा.

आज सकाळी प्रोग्रामचा कोड उघडून वाचला तेव्हा कळलं. मेल्याकडे त्या ऑप्शनसाठी जागाच एक होती. पहिली मर्यादा ठेवली, दुसरी आली तशी पहिली पुसली, तिसरी आली तशी दुसरी पुसली. आणि तोंडातून चकार शब्द नाही! चाचणी मी फक्त तीन नंबरची घेतली होती. तो वाजला, म्हणून बाकीच्या दोघांची घेतलीच नाही. दोन वर्षं दोन रिॲक्टर बिनहूटरचे चालले आणि मी सरावलीला घरी जाऊन सुखाने जेवत होते.

"चूक माझी आहे, साहेब. अहवालात तसं लिहा."

साहेबांनी उठून दार लावलं. "प्रोग्राम दुरुस्त कर. लिहायचं काही नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले तर प्लांट बंद करतील. चारशे माणसं घरी बसतील."

"आणि बन्सीकाका?"

"गेटवर ठेवलंय ना त्याला?" उपकार केल्यासारखं म्हणाले. चारशे माणसांचा एवढा कळवळा, आणि त्यातल्या एकाला असं खोट्यात लोटताना काहीच वाटलं नाही!

कंट्रोल रूममध्ये येऊन ऑप्शन वाचणारा भाग उघडला. एका जागेऐवजी यादी केली, येईल ती मर्यादा आपापल्या रिॲक्टरच्या नावावर. एखाद्याला मर्यादा दिलीच नसेल तर प्रोग्राम सुरू होणार नाही आणि का नाही तेही स्क्रीनवर सांगेल. मी कीबोर्ड असा बडवत होते की शेजारचा देवू म्हणाला, "मॅडम, कीबोर्ड हाय तो. साहेब नाय."

शिफ्ट बदलताना सगळे जमले तेव्हा गेटवरून बन्सीकाकांना बोलावून घेतलं. एक नंबरच्या तापमानाचा खोटा आकडा प्रोग्रामला दिला. हूटर असा कोकलला की बाहेरची माणसं दारात आली.

"हा त्या दिवशी वाजला नाही, काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वाजणारच नव्हता. चूक माझी होती."

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. मला शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे मी जागाच व्हतो?"

"जागेच होता."

"सगलीच बोलाया लागली, तवा मला पन वाटलं, लागली असंल डुलकी. घरी रंभाला तसाच सांगितला बाय मी. आता जेवताना डोले मिटले तरी हलवते ती मला."

घरात बायकोही त्यांना झोपाळू समजत होती! लॉगबुक ओढलं आणि लिहिलं: एक आणि दोन नंबरचे हूटर दोन वर्षं बंद होते, कारण माझी चूक, अपघाताच्या वेळी बन्सीकाका जागे होते आणि कामावर होते. साहेबांना पान फाडायचं तर फाडू देत. तोच मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवला, खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि काकांना दिला.

काकांनी तो दोनदा वाचला. "शिक्का नाय लागत याला?"

"शिक्का साहेबांच्या कपाटात आहे."

"ऱ्हाऊ दे. रंभा तुला ओलखते."

एका हाताने त्यांना कागदाची घडी घालता येईना. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली, आणि कागद तसाच उघडा समोर धरून, सुटलेल्या शिफ्टच्या गर्दीतून गेटबाहेर पडले.