मुळ्याच्या लोणच्याचा शेवटचा सूर

टीव्हीवरची जाहिरात पंधरा सेकंदांची असते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्यातला शेवटचा अर्धा सेकंद मुका ठेवावा लागतो, हे आम्हा धंद्यातल्यांनाच ठाऊक. नाहीतर साबणाचं गाणं संपायच्या आत खोकल्याच्या औषधाचं सुरू होतं, आणि लोक साबण पितात.

काकितानी शुन्पेईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो सर्कशीच्या बँडमधून नुकताच आमच्याकडे, ओसाकाच्या तेन्मातल्या स्टुडिओत, आला होता. इनुझुका शेठच्या मुळ्याच्या लोणच्यासाठी त्यानं गाणं रचलं, स्वतःच गायलं आणि पंधराच्या पंधरा सेकंद काठोकाठ भरले.

कुडुम कुडुम, कोण खातंय?
शेजारीण का डोकावतेय?
अजून एक फोड, अजून एक फोड,
इनुझुकाचा मुळा... गोड!

संध्याकाळी जाहिरात दाखवायची होती आणि कात्री माझ्या हातात होती. मी फितीचा शेवटचा चार बोटांचा तुकडा छाटला. त्या तुकड्यात ‘गोड’ गेलं.

आता तुम्ही म्हणाल, फोडीला गोड जोडायला काय पंडित लागतो? शब्द कुणीही ओळखला असता हो. पंचाईत सुराची होती. शेवटाला काकितानीनं चाल अशी वळवून वर नेली होती, की ती कुठे उतरणार ते त्याचं त्यालाच माहीत. लोक आपापले सूर लावून बघायचे, पण चपलेत खडा राहावा तसं काहीतरी राहूनच जायचं.

पंधरा दिवसांत देश लोंबकळला. वाकून नमस्कार करणारी माणसं वाकलेलीच राहू लागली. न्हावी एक मिशी उतरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. हमामखान्यातून कुणी बाहेर येईना, बोटांची सुकवलेली आलुबुखारं झाली. देवळासमोर देवाला बोलवायला दोन टाळ्या वाजवायच्या, तर लोक एकच वाजवायचे आणि दुसरीसाठी हात तसेच धरून उभे राहायचे. देवांनाही कळेना, आपल्याला बोलावलंय की नाही. आमच्या गल्लीतली एक बाई शिंकायला म्हणून तोंड उघडून बसली, ती चेरी फुलल्यावरच शिंकली.

असे महिने गेले. शेवटी काकितानी शेठकडे धावला. मीही गेलो, कात्री माझीच होती ना.

“शेठ, परवानगी द्या. मी गाणं आखूड करून परत गातो.”

“खबरदार!” इनुझुका तोकुजी म्हणजे अडुसष्ट वर्षांचा, पिंपासारखा गडी. त्यानं दार लावून घेतलं आणि एकदम रडायलाच लागला. “शेवट वाजला तर माझी आई जाईल.”

हकिकत अशी. शेठची आई, वासा आजी, वय एक्क्याण्णव, शेवटच्या घटका मोजत होत्या. डॉक्टर नुकागांनी आठवड्याची मुदत दिली होती, फोटोसुद्धा चौकटीत बसवून तयार होता. बिछान्यातून मुलाची जाहिरात बघावी म्हणून टीव्ही समोर आणून ठेवला. गाणं ‘मुळा’पाशी तुटलं आणि आजी ताडकन उठून बसल्या. “पुढं?” म्हणाल्या. पुढं काही येईना. “मग शेवट ऐकूनच जाईन,” म्हणाल्या आणि भात मागितला. त्याला आठ महिने झाले होते.

“डॉक्टर म्हणतात, नाडी अगदी सासरी निघालेल्या पोरीसारखी धावतेय,” शेठ डोळे पुसत म्हणाला. “देश राहू दे वाकलेला. काकितानी, तो सूर तुझ्या तोंडून निघाला, तर तुलाच पिंपात घालीन.”

बिचारा काकितानी सूर गिळून घरी गेला. तेव्हापासून त्याला उचकी लागली.

असंच चाललं असतं. पण एक दिवस खुद्द वासा आजींचं बोलावणं आलं, काकितानीला आणि मला. आम्ही गुडघे मोडून बसलो. शेठ कोपऱ्यात उभा, त्याच्या शेजारी डॉक्टर नुकागा.

“तूच का रे तो गाणारा?” आजी म्हणाल्या. “चल, संपव.”

“आई, नको ना गं!” शेठनं जमिनीला कपाळ टेकलं.

“तोकुजी, ऊठ. एकवीस वर्षं तुझा बाप तिकडं चहाला खोळंबलाय. रोज स्वप्नात येऊन विचारतो, ‘निघालीस का?’ मी काय सांगू, जाहिरात बघतेय? मुळे दाबता दाबता तू आईलाही पिंपात घालून वर दगड ठेवायला निघालास की रे!”

शेठ उठून बसला. बराच वेळ चटईची काडी उपसत राहिला. मग मान न उचलता म्हणाला, “गा बाबा.”

काकितानीनं घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“सेगावा-सान,” तो माझ्या कानाशी पुटपुटला, “गिळून गिळून विरघळला हो. आठवेना.”

“काय म्हणतोय तो?” आजींनी विचारलं.

“विसरलाय म्हणतो, आजी.”

“मेल्या! माझ्या वयाला मी विसरले नाही, आणि तू विसरलास?”

शेठचा चेहरा असा उजळला, की मला त्याची दया आली. पण धंद्याची एक सवय असते. छाटलेली फीत आम्ही कधी टाकत नाही, दोऱ्याला टांगून ठेवतो. मी स्टुडिओत जाऊन तो चार बोटांचा तुकडा शोधला, मागेपुढे कोरी फीत चिकटवली आणि यंत्र घेऊन परत आलो. आजींनी केस विंचरून घेतले. पांढरा किमोनो नेसल्या. बिछान्यात सरळ झोपून छातीवर हात जोडले.

“तोकुजी, मीठ कमी घालत जा,” म्हणाल्या. “हं, लाव रे.”

शेठनं आईचे पाय धरले. मी कळ दाबली.

“गोड!”

काय सांगू, तो सूर असा उतरला जसा दमलेला माणूस खुर्चीत बसतो. काकितानीची उचकी थांबली. खिडकी उघडी होती, तेवढ्यातून सूर बाहेर गेला असावा, कारण कोपऱ्यावरच्या देवळातून एकदम चाळीस-पन्नास जणांच्या दुसऱ्या टाळीचा कडकडाट झाला. पोस्टमन शेठच्या दारात वाकून होता, तो कण्हत सरळ झाला.

आजींनी सुस्कारा सोडला. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान, की शेठनं हंबरडा फोडला. डॉक्टर नुकागांनी घड्याळ काढलं. आम्ही माना खाली घातल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली.

मग कुणीतरी गुणगुणायला लागलं. कुडुम कुडुम, कोण खातंय... मी काकितानीला कोपर मारलं. “प्रेताशेजारी काय गातोस, लाज नाही?”

“मी कुठं गातोय!”

आम्ही बघितलं. आजींचे ओठ हलत होते. त्यांनी एक डोळा उघडला, आणि त्या डोळ्यात भयंकर राग होता.

“आता हे डोक्यातून जाईना,” त्या म्हणाल्या. “पुरं झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय. अशी कशी जाऊ मी? एकवीस वर्षांनी नवऱ्यापुढं उभं राहायचं आणि तोंडातून काय, तर मुळ्याचं गाणं? जन्मभर मला बावळट म्हणायचा, त्याला आयतंच सापडेल. हे डोक्यातून निघालं की निघते. तोवर थांबते.”

आणि त्या उठून बसल्या.

इनुझुका वासा आणखी अकरा वर्षं थांबल्या. डॉक्टर नुकागा त्यांच्या आधी गेले. त्या अकरा वर्षांत रोज सकाळी तोकुजी शेठ आईच्या खोलीबाहेर गुडघे टेकून विचारायचा, “आई, गेलं का गं गाणं?”

आतून आधी दातांखाली लोणचं कुडुमकन वाजायचं.

“नाही रे. तू जा कामाला.”