नकाशांच्या पुस्तकाची अदलाबदल

मी बाइंडर आहे. जुन्या पुस्तकांची शिवण उसवायची, पानं साफ करायची, पुन्हा शिवून नवा पुठ्ठा चढवायचा, हे माझं काम. आणखी एक गोष्ट मला येते, ती मावशीने शिकवलेली. मेण लावलेल्या दोऱ्याला उलटी गाठ मारून तो कारखान्यातल्या कोठीच्या दाराच्या कडीला बांधला आणि डोळे मिटून उंबरा ओलांडला, की मी पलीकडच्या जगात पोचते. तिथेही हाच कारखाना, हेच मालक, आणि माझ्याच चेहऱ्याची एक बाइंडर. तिची मावशी लवकर गेली, म्हणून तिला ही विद्या नाही.

“नुसतं बघून यायचं,” मावशीने बजावलं होतं. “तिकडच्या कशालाही हात लावायचा नाही.”

वीस वर्षं मी ते पाळलं. मग दोन्हीकडच्या ग्रंथालयांतून नकाशांचं तेच जुनं पुस्तक बांधायला आलं. कडा छाटताना माझं लक्ष गप्पांत होतं. पातं खाली आलं आणि साठ नकाशांचा समुद्रकिनारा बोटभर उडाला. बंदरांची नावं कचऱ्यात! कोणाच्या लक्षात येण्याआधी जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे निघून गेले. मी दोरा बांधला, पलीकडे गेले. तिने नीट छाटलेला गठ्ठा प्रेसखाली होता. तो उचलला, माझा तिथे ठेवला, परत आले.

पुस्तक छान झालं. मालकांनी ते सगळ्यांसमोर हातात धरलं आणि म्हणाले, “काम असं हवं.” मला शिवणकामाची मुख्य केलं. वहिनीने घरी आल्यागेल्याला सांगितलं. मी प्रत्येक वेळी मान खाली घालायची आणि लोक त्याला विनय म्हणायचे.

तीन आठवड्यांनी मला राहवेना. पलीकडे गेले तर ती कोठीतच, पाकिटांवर लेबलं चिकटवत बसलेली. मला पाहून तिच्या हातातला ब्रश पडला. मी भराभर सगळं सांगितलं: मी कोण, कुठून आले, काय केलं.

तिने स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. “म्हणजे मी नव्हतं कापलं?”

“नाही.”

“मला शिवणकामावरून काढून इथे लेबलांवर बसवलं. मी डोळे तपासून आले. हात कापतो का म्हणून डॉक्टरांना दाखवला. जेवायला जाताना गठ्ठा नीट होता, असं आठवायचं, तर सगळे म्हणायचे, तुला भास होतात. घरी भाजी चिरायलासुद्धा मी आईला बसवते गं!” तिने पडलेला ब्रश उचलून टेबलावर आपटला. “उद्या पुस्तक घेऊन ये. आमच्या मालकांसमोर उभी राहा.”

पुस्तक मागायचं म्हणजे आधी इथे तोंड उघडायला हवं होतं. मालकांनी सगळं ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ग्रंथालयाने अजून न नेलेलं ते पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “ग्रंथालयाला काय कळवायचं, ते तूच लिही.”

पलीकडे आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो, तेव्हा सगळा कारखाना जागच्या जागी थिजला. तिकडचे मालक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत विचारू लागले, “यातली आमची कोण?”

“जिला तुम्ही वेड्यात काढलं, ती,” ती म्हणाली.

मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. मालकांनी तिची माफी मागितली, तिची जागा तिला परत दिली. माझा कापलेला गठ्ठा त्यांनी जपून ठेवला होता, तो माझ्या हातात ठेवला.

ती कोठीपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, “माफ कर.”

“तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही. पुन्हा येऊ नकोस.”

आता इथे लेबलं मी चिकटवते. उडालेल्या बंदरांची नावं दुसऱ्या नकाशांवरून शोधून नव्या पट्ट्यांवर लिहिते आहे. बारा नकाशे झाले. “मुख्य होतीस ना, मग असं कसं?” असं वहिनीने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी विषय बदलला. चौथ्यांदा तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.