अकरा वाजून सात मिनिटं

आमच्या बालाजीचं लग्न झालं ते साल २०२३. सुनेच्या हाताची मेंदी अजून उतरली नव्हती, तोच मुखेडच्या बाजारात घड्याळबाबा आला.

भाड्याच्या गाळ्यात टेबलावर कॉम्प्युटर, की-बोर्डवर भगवं फडकं. माणसं पार रस्त्यापर्यंत. बाबा म्हणाला, "या मशीनचं घड्याळ अमेरिकेला जोडलेलं हाय. मी बांधलं की साऱ्या दुनियेचा काळ जागेवर! वाचता कुणाला येतंय?"

"आमच्या अक्काला," माझा धाकटा भाऊ ग्यानोबा ओरडला. "साठीत शिकली, पर इंग्रजी आकडे बी वाचती!"

मी पुढं झाले. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मोठ्यानं वाचलं, "अकरा वाजून सात मिनिटं." बाबानं फडक्याखाली हात घालून मंत्र पुटपुटला. अर्ध्या तासानं मला पुन्हा वाचायला लावलं. भिंतीवरचं घड्याळ पुढं गेलं होतं. पडद्यावर अकरा वाजून सातच.

"थांबला! काळ थांबला!" बायकांनी हात जोडले.

बाबानं ग्यानोबाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी साखर बी इथंच थांबली. सुई बंद कर."

ग्यानोबानं इन्सुलिन बंद केलं. मी अडवलं नाही. आकडे मीच वाचले होते.

आठव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. बालाजीनं जीप आणली, पण ग्यानोबा बसेना. "काळ थांबलाय. अक्कानं वाचलंय."

सून देविका कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. तिनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, चला. मामा तुमचंच ऐकतील."

गाळ्यात तीच गर्दी होती. देविका सरळ आत शिरली, फडकं उचललं आणि कोपऱ्यातलं एक बटन दाबलं. अकरा-सात गेलं. खाली खरं घड्याळ होतं. बारा वाजून चाळीस.

"पापीण! काळ सोडलास!" बाबा किंचाळला.

"काळ कुणी धरला होता?" देविका लोकांकडं वळली. "हे दुसरं बटन दाबलं की पडद्यावर जे दिसतंय त्याचा जसाच्या तसा फोटो निघतो. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. तोच फोटो यानं पडदाभर उघडून ठेवला. फोटोतलं घड्याळ चालंल का?"

तिनं गर्दीतल्या वीरण्णा हमालाला शेजारी उभं करून बटनं दाबायला लावली. घड्याळ थांबलं.

"आयला, मी बी बाबा झालो की!"

लोक हसले. तेवढ्यात बाबा मागच्या दारानं गेला. मला हसू आलं नाही.

घरी येऊन ग्यानोबाजवळ बसले. "ग्यानबा, मी घड्याळ न्हाई वाचलं. घड्याळाचा फोटो वाचला."

तो भिंतीला धरून उठला. "मग चल," म्हणाला.

उदगीरच्या डॉक्टरांनी खूप धडपड केली. फार उशीर झाला होता.

गल्लीत अजून म्हणतात, पोरीनं काळ सोडला म्हणून ग्यानोबा गेला. तसं नाही. सुई बंद केली म्हणून गेला. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचं फडकं उचला, हात लावून बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. अक्षरं मला येत होती. विचारायचं राहून गेलं.

माझा भाऊ ग्यानोबा २७ मे २०२३ रोजी, शनिवारी दुपारी, उदगीरच्या दवाखान्यात वारला.