कापडकाकांची हरकत

सूपबाई परवानगी मागणाऱ्यांतल्या नव्हेतच. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्या चोवीस वर्षं होत्या, आणि तिथे कोणत्या खाटेवरच्या माणसाला काय पचेल हे डॉक्टरांना विचारायच्या आत त्यांचा वाडगा त्याच्यापुढे गेलेला असायचा. डॉक्टर रागवायचे, मग पेशंट उठून बसलेला बघून गप्प व्हायचे. ‘सूपबाई’ हे नाव तिथलंच. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

पुढे इस्पितळाने स्वयंपाक ठेकेदाराकडे दिला आणि बाई घरी बसल्या. म्हणजे आठवडाभर बसल्या. आठव्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “मी हॉटेल काढणार.” नवरा वायरमन. त्याने घरातला फ्यूज बदलता बदलता “काढ” म्हटलं. बायको खरोखरच काढेल हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नसावं.

जागा मिळाली बाजाररस्त्यावर, कापडकाकांच्या दुकानाला लागून. पूर्वी तिथे फोटो स्टुडिओ होता. आत आठ टेबलं बसत होती, मागे चुलीपुरती खोली होती आणि त्याही मागे दोन्ही दुकानांचं मिळून एक फरशीचं अंगण. लेक नकाशे काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिने रविवारी बसून नकाशा काढला: टेबलं कुठे, मोरी कुठे, धुराडं कुठे. नगर नियोजन समितीत अर्ज गेला, दाराच्या काचेवर नोटीस लागली. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडकाका चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन ती नोटीस वाचताना दिसले. सगळी वाचली, खालची सहीसुद्धा. बाईंनी आतून नमस्कार केला. काकांनी तो घेतला नाही आणि ते आपल्या दुकानात शिरले. हा माणूस सत्तरीचा, गल्लीतला सगळ्यात जुना दुकानदार, आणि नमस्कार न घेणं ही गोष्ट त्यांच्या खात्यात तोवर कुणी पाहिली नव्हती.

हरकत आली ती चौदाव्या दिवशी. नियम असा होता की खाणावळीच्या धुराड्याचं तोंड शेजारच्या खिडकीपासून किमान सहा मीटर लांब हवं. लेकीच्या नकाशात ते सहा मीटर पाच सेंटिमीटर होतं. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की मी माझ्या गोदामाच्या खिडकीपासून अंतर स्वतः तीन वेळा मोजले असून ते पाच मीटर ऐंशी भरते. सबब परवानगी देऊ नये.

“ऐंशी?” लेक ओरडली. “आई, मी लेसरने मोजलंय!”

“लेसर असो नाहीतर आणखी काही,” वायरमन म्हणाला. “गल्लीत विचार. काका म्हणाले ऐंशी, म्हणजे ऐंशी.”

यात खोटं काही नव्हतं. त्या रस्त्यावर दोन माणसांत दोरीच्या, दाराच्या, पडद्याच्या मापावरून वाद झाला की काकांना बोलावत. काका आपली लाकडी मीटरपट्टी घेऊन येत आणि वाद संपत असे. अर्ज नामंजूर झाला तर सहा महिने नवा अर्ज करता येत नव्हता, आणि जागेचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. एक मोबाइल दुकानवाला त्याच जागेसाठी त्याच्याकडे रोज चकरा मारत होता. म्हणजे त्या पंचवीस सेंटिमीटरवर सगळं अडलं होतं. बाई पन्नाशीच्या झाल्या होत्या. दुसऱ्याच्या चुलीवर पुन्हा जाऊन उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

सुनावणी समितीच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती. पंखा एक, खुर्च्या वीस, माणसं चाळीस. गल्लीतली निम्मी दुकानं बंद करून लोक आले होते, काही बाईंसाठी, बरेचसे करमणुकीसाठी. अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “यातलं खरं कुठलं?”

काका उठले. मीटरपट्टी बरोबरच आणलेली. “ताई, मी पन्नास वर्षं मोजतोय,” ते म्हणाले. “माझ्या मापाकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही. आणि ऐका, मला कुणाशी वैर नाही. पण कापडाला फोडणीचा वास लागला की तो जात नाही. लग्नाची साडी घ्यायला आलेल्या मुलीने ती नाकाला लावून परत ठेवली, तर मी कुणाकडे जाऊ?”

मागच्या रांगेत माना हलल्या. बाईंचीही हलली. मुद्दा बिनतोड होता, काय करणार!

“मोजलंत कसं?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“कसं म्हणजे? असं.” काकांनी पट्टी टेबलाच्या कडेला लावली. पट्टीच्या टोकाशी डाव्या हाताची दोन बोटं आडवी टेकवली आणि त्या बोटांच्या पलीकडून पट्टी पुन्हा लावली. “हा एक. हा दोन. टेबल दोन मीटर आणि वर थोडं.”

सभागृहात कुणाला काही दिसलं नाही. त्या रस्त्यावर सगळेच काकांकडून कापड घेत आणि सगळ्यांनी ती दोन बोटं जन्मभर पाहिली होती. प्रत्येक मीटरमागे दोन बोटं जास्त. गिऱ्हाईकाला कमी जाऊ नये म्हणून त्यांच्या वडिलांनी लावलेली शिस्त. पट्टी उचलली की बोटं आपोआप पडत. बाईंना मात्र ती दोन बोटं दिसली. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं. दोन बोटं म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. पाच वेळा पट्टी उचलली की वीस-पंचवीस, तेवढं मापातून गळलं. काका अंगणही कापडासारखं मोजून, दर मीटरला वरचं सोडून आले होते!

लेकीलाही कळलं. ती अर्धी उठली. बाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

“आई, सांग ना!”

“गप.”

“तुम्हाला काही म्हणायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

बाई उभ्या राहिल्या. चार दिवस पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. “ताई, उद्या तुमच्या माणसाने जागेवर येऊन पोलादी टेपने मोजावं,” त्या म्हणाल्या. “टेपचं एक टोक काकांनी धरावं. मग जे भरेल ते मला मान्य.”

“मलाही,” काका तोऱ्यात म्हणाले.

जिना उतरताना वायरमनचा पारा चढला. “तुला दिसलं होतं तर तिथेच बोलायचं! समोर पट्टी होती, टेबल होतं, माणसं होती. दोन मिनिटांत निकाल लागला असता.”

“कापडवाल्याला चाळीस माणसांत म्हणू, की तुमचं माप चुकतं?”

“चुकतंच आहे!”

“चुकतंय म्हणून तर आपल्या घरात अंगावर घालायला होतं,” बाई म्हणाल्या, आणि झपाझपा पुढे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीचा इंजिनियर आला. तरुण होता आणि घाईत होता. काकांनी गोदामाच्या खिडकीशी टेपचं टोक धरलं, इंजिनियर धुराड्याच्या खुणेपर्यंत गेला. “सहा पाच,” त्याने सांगितलं.

“पुन्हा घ्या,” काका म्हणाले.

पुन्हा घेतलं. सहा पाच. काकांनी टेप सोडला, आत जाऊन पट्टी आणली आणि धोतर सावरून फरशीवर बसले. पट्टी लावली, बोटं टेकवली, पट्टी उचलली. एक. दोन. तीन. चौथ्या वेळी त्यांचा हात थांबला. ते आपल्याच बोटांकडे बघत राहिले. एवढा वेळ की इंजिनियरने घड्याळ पाहिलं.

“मी लिहू का मग?” तो म्हणाला. “हरकतदाराचं मोजमाप चुकीचं?”

“लिहा,” काका म्हणाले.

“नका लिहू तसं,” बाई घाईने म्हणाल्या. “नुसता आकडा लिहा. आकडा पुरे आहे ना?”

इंजिनियरला काय, तेवढंच कमी लिहायचं. त्याने आकडा लिहिला आणि तो गेला. काका फरशीवरच बसून होते. बाईंनी आतून स्टूल आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग बाईच त्यांच्यासमोर खाली बसल्या.

“तुम्हाला काल माहीत होतं,” काका म्हणाले.

“हो.”

“कसं?”

“काका, तुम्हाला आठवणार नाही. इस्पितळात लागले तेव्हा मला पहिलं काम दिलं ते सगळ्यांच्या एप्रनचं पांढरं कापड आणायचं. चाळीस मीटर. तुम्ही मोजलंत, मी उचलून नेलं. तिकडे शिवणारीने कापलं तर दीड मीटर उरलं. मला वाटलं मी कुणाचं तरी जास्त आणलं, रडायचीच बाकी होते. स्वयंपाकघरातल्या मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, त्या दुकानातून नेहमी उरतं, तू घरी ने.” बाईंनी लेकीकडे मान वळवली. “ही तेव्हा चार महिन्यांची होती. घरात तोवर एकाचाच पगार, तोही कधी व्हायचा, कधी नाही. हिचे पहिले दोन फ्रॉक त्या दीड मीटरचे. पुढे दर वर्षी एप्रन आले, दर वर्षी कापड उरलं. चौथीपर्यंत तुमच्याच बोटांवर वाढली ती.”

लेक दारात उभी होती. तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

काकांनी पट्टी मांडीवर घेतली. म्हणाले, “मुलगा म्हणतो, बाबा, लोकांना कळतसुद्धा नाही. मशीन घ्या, नेमकं मोजा. मलाही वाटायला लागलं होतं तसं. कोण बघतंय?”

“मी बघितलं,” बाई म्हणाल्या. “आणि आजवर तुम्हाला सांगायचं राहून गेलं, ती माझी चूक. मी तुमची फार आभारी आहे, काका.”

काकांनी मान हलवली, भिंतीला हात टेकून उठले आणि धोतर झटकलं. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून, चांगलं खणखणीत, म्हणाले, “पण धुराची हरकत आहेच! ती मी सोडणार नाही!”

“नका सोडू,” बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि रडूही, आणि वायरमनच्या भाषेत दोन्ही वायरी एकत्र लागल्या.

शेवटची सुनावणी महिना संपायच्या दोन दिवस आधी झाली. गर्दी आणखी वाढलेली. काकांनी नवा कागद दिला होता, तो अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचला.

“माझे पूर्वीचे मोजमाप चुकीचे होते. माझ्या हाताला मीटरमागे दोन बोटे जास्त सोडायची सवय आहे व ती मला स्वतःला दिसली नाही. समितीचे माप बरोबर आहे. ही चूक शेजारच्या बाईंना भर सभेत दिसली होती व त्यांनी ती बोलून दाखवली नाही, हे मी येथे लेखी कळवतो. धुराबद्दल माझे म्हणणे असे, की धुराडे माझ्या छपराच्या वर दोन मीटर न्यावे, म्हणजे कापडाला वास लागणार नाही. एवढी अट घालून परवानगी द्यावी, व ती लवकर द्यावी, कारण जागेचा मालक थांबायला तयार नाही.”

काका समोर बघत ताठ बसले होते, कान लाल. चाळीस माणसांसमोर, स्वतःच्या अक्षरात, त्यांनी ते लिहून दिलं होतं. बाईंनी झाकून ठेवलेलं त्यांनी स्वतःच उघड केलं होतं.

“अट योग्य आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “अर्जदाराने ती मान्य केली तर समिती आत्ताच मंजुरी देते. बोला बाई, मान्य आहे?”

बाई उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. चोवीस वर्षं डॉक्टरांना न घाबरलेल्या या बाईच्या घशातून आवाज फुटेना. त्या अध्यक्षबाईंकडे वळल्या, मग काकांकडे, आणि हात जोडून नुसत्या उभ्या राहिल्या. लेकीने कोपर मारलं. वायरमनने पदर ओढला. काही उपयोग नाही.

“बाई, उत्तर नोंदवायचंय,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मान्य आहे की नाही?”

तेव्हा हरकतदारांच्या रांगेतून, नियम धाब्यावर बसवून, कापडकाका उठून ओरडले, “अहो, म्हणा ना मान्य आहे! शेजार हवाय मला!”