मंजुळाने पाडलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. बोईसरच्या एका दवाखान्यात तपासणीच्या खाटेपुढे उभा असायचो. लोखंडी चौकट, हिरवं कापड. माझा एक पाय मोडला, त्याची ही हकिगत. मित्रांनो, मोठी माणसं म्हणतील, मुलांपुढे असलं बोलू नये. म्हणू देत. न बोलूनच सगळा घोळ झाला.

नवा होतो तेव्हा कौतुक व्हायचं, बायकांची अब्रू राखतो म्हणून. अब्रू कसली! माझ्याआड बायका छातीतली गाठ दाखवायच्या आणि मनातला प्रश्न तसाच घरी न्यायच्या.

पंच्याऐंशी सालचा सुमार. मंजुळा बाजारात मासळी विकायची. कॅन्सर झाला म्हणून मुंबईला तिचा एक स्तन काढला, किरणांचा शेक दिला. इंजेक्शनं अजून चालू होती. नवरा दिनानाथ तारापूरच्या अणुवीज केंद्रात मजूर. तिथे शिकवलेलं, किरणांपासून लांब राहायचं. पठ्ठ्याने घरीही तेच केलं. तिचं ताट वेगळं केलं, स्वतः पडवीत झोपू लागला. का, ते मात्र बोलला नाही.

"डाक्टरसाहेब, नवऱ्याजवळ झोपलं तर चालंल का?" मंजुळाने एकदाचं विचारलं.

"ते नंतर बघू," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

"नंतर कदी? मी मेल्यावर?"

दिनानाथ माझ्यापलीकडे बाकावर होता. चोळीची गाठ मारत ती बाजारातल्या आवाजात ओरडली, "अवो, तुमीच सांगा! किळस येते ना माझी?"

"नाय गं! तुज्या अंगात किरणं हायत. मला लागतील ना!"

"एवढंच? आन मी इतके महिने रडतेय!"

तिने मला असं ढकललं की मी धाडकन आडवा. पाय तिथेच गेला. बाकावरचे बाकीचे पुरुष फिदीफिदी हसले.

"हसताय काय मेल्यांनो? तुमच्या घरात बायका नायत?"

आता डॉक्टरांना तोंड उघडावंच लागलं. "त्या शेकाचे किरण अंगात उरत नाहीत. हा रोग स्पर्शाने लागत नाही. तिची इच्छा असेल तेव्हा खुशाल जवळ या. फक्त उपचार चालू असताना दिवस राहू देऊ नका. निरोध वापरा, पाळणा लांबवायच्या गोळ्या हिला नकोत."

पाच वाक्यं! एवढ्यासाठी बाईने महिनोन्महिने जळायचं?

दिनानाथ मला उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे तो," मंजुळा म्हणाली. "आदी घरी चला. ताट एक करा."

आज मी अडगळीत गंजतोय. बाहेर नवा पडदा आहे, आणि "ते नंतर बघू" अजूनही ऐकू येतं. मित्रांनो, मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. पण उद्या तुमच्या घरातली बाई असं काही विचारायला गेली, तर तिच्याबरोबर जा. आणि उत्तर मिळेपर्यंत दोघंही तिथून हलू नका.