राईतली साठ पावलं

महादू गुरवाच्या हातून पहिली पाकळी तांब्यातच पडली. त्याने दुसरी घेतली, पाण्यात भिजवली आणि देवाच्या पाषाणाला उजव्या अंगी लावली. मग डाव्या अंगी एक लावली. मंडपात सगळा गाव बसला होता. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

प्रश्न जुनाच होता. तीन वर्षांपूर्वी ब्लॉक कचेरीने निम्मा खर्च दिला, निम्मा गावाने घाम गाळून भरून काढला आणि वरच्या वाडीपासून शाळेपर्यंत जांभ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची वाट, पाखाडी झाली. झाली म्हणजे, मधली साठ पावलं सोडून. ती देवाच्या राईतून जात होती आणि तेव्हा देवाने नकार दिला होता. देवापुढे कोण बोलणार? दोन्हीकडून ऐटीत आलेली पाखाडी राईच्या कडेला येऊन खुंटली, आणि माणसं मधल्या चिखलातून, मुळांवरून पूर्वीसारखीच घसरत राहिली.

गेल्या श्रावणात तिथेच महादूची सावित्री पडली. एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ती गेली आणि पोटातलंही गेलं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवाची मर्जी. आणि ते ऐकलं की महादू उठून मागल्या दारी जायचा. त्याच्या बायकोने, यशोदेने, त्या दिवसापासून देवाशी अबोला धरला. गुरवाच्या घरात राहून देवळाची पायरी चढायची नाही, म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे.

आता उरलेल्या तुकड्याला मंजुरी आली होती. मार्चअखेर काम लागलं नाही, तर रक्कम परत जाणार होती. म्हणून हा दुसरा कौल. भाई मानकऱ्याने गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. यशोदाही आली होती, खांबाला टेकून बसली होती.

उजवी पाकळी लगेच पडली.

लोकांना कुठला धीर! दोरी, फावडी घेऊन सगळे राईकडे धावले. मंडपात दोघंच उरली. यशोदा उठून देवासमोर आली. तिने हात जोडले नाहीत.

"तेवा नाय म्हटलंस, आज होय म्हणतंस," ती म्हणाली. "म्हणजे तुका माझा चेडूच, माझी सावित्रीच होयी होती."

तीन वर्षं लपवलेलं महादूला आता लपवेना.

"त्याका बोलू नको गो. तेवा त्याका कोणी इचारूकच नाय."

यशोदा वळली. मग त्याने खाली मान घालून सांगितलं. लोक चपला घालून राईतून फिरतील, झाडं तोडतील, देवाचं काही राहायचं नाही, या भीतीने त्याने तेव्हा उजवी पाकळी गंधात बुडवून घट्ट दाबली होती. डावी नुसत्या पाण्याने लावली होती. आपण देवाचंच राखतोय, असं त्याला मनापासून वाटलं होतं.

यशोदा रडली नाही, ओरडली नाही. बाहेर कुणीतरी मोठ्याने पावलं मोजत होतं.

"सावित्रीक ठावक होता?"

"होय," महादू म्हणाला. "फुला घेवन ती माझ्या बाजूकच उभी होती. तिना बघल्यान."

"मगे?"

महादूने तांब्यात पडलेली पाकळी काढून हातात धरली.

"घराक येताना माका म्हणाक लागली, बाबा, तुमी भियाव नको. मी कोणाक सांगूचंय नाय. मी सांभाळून चलतलंय."