पाठ कोपऱ्याला लावून

मेहुणा 'दाजी' म्हणायचा, म्हणून घरं भाड्याने देणाऱ्या त्या एजन्सीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळेच त्याला दाजी म्हणू लागले. छापखाना बंद पडला आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली कॅमेरा धरायला शिकावं लागलं. लोकांना फुकटची करमणूक झाली.

मेहुण्याची शिकवण साधी होती. खोली मोठी दिसली पाहिजे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. वाइड लेन्स लावायची, पाठ कोपऱ्याला चिकटवायची, कॅमेरा कमरेएवढ्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवायचा. मिड शॉट खिडकीचा. क्लोजअप नव्या नळाचा. ओल, तडे, मीटरच्या लोंबत्या वायरी यांच्या जवळ कॅमेरा नेलाच तर ऑफिसात परत यायचं नाही.

दाजी अडला तो अ‍ॅपर्चरपाशी. आकडा वाढवला की लेन्सचं भोक लहान होतं, हे उलटं गणित त्याच्या गळी उतरेना. "वयासारखं आहे दाजी," मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "आकडा वाढला की उजेड कमी." ऑफिस हसलं. दाजीही हसला, कारण न हसून सांगतो कोणाला. त्याच्या फोटोंत एक तर खिडकी जळून पांढरीफटक व्हायची, नाहीतर खोलीची कोळशाची वखार व्हायची. मग मेहुणा जाऊन सगळं पुन्हा काढायचा.

अशात घरमालकिणीने दाजी राहत होता तीच खोली एजन्सीकडे दिली. तिचा हिशेब सरळ होता. जास्त भाडं देणारा मिळाला तर तुम्ही उठायचं, महिनाअखेरीपर्यंत कोणी नाही मिळाला तर जुन्याच भाड्यात राहा. भांडायची सोय नव्हती. भांडून जायचं कुठे?

त्या खोलीचे फोटो काढायचं काम मेहुण्याने दाजीला दिलं. दाजीला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकला. रात्री जेवताना त्याने ते जरा फुशारकीनेच सांगितलं, तेव्हा बायकोने मान वर न करता खरं काय ते सांगून टाकलं. भावाला तिनेच गळ घातली होती, आणि या वेळी तो पुन्हा काढायला येणार नव्हता. फोटो असे आले पाहिजेत की कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, आणि साहेबाला संशयही यायला नको.

"तुम्ही वेगळं काही करू नका," ती म्हणाली. "नेहमीसारखेच काढा."

तिने टोमणा मारला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. सगळ्या घराचा भरवसा त्याच्या नालायकीवर होता, आणि भरवसा ठेवणाऱ्यांना त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी बायकोने आणि मुलीने गाद्या, पेट्या, भांडी बाहेर व्हरांड्यात नेली. दाजीने दार लोटलं आणि कोपऱ्यात पाठ लावली. भिंतीची ओल शर्टातून अंगाला लागली. पहिला फोटो काढला. काळाकुट्ट. दार कुठे आहे आणि मोरी कुठे आहे ते देवालाही कळलं नसतं. झालं काम. आता कॅमेरा बंद करायचा, सामान आत घ्यायचं, याच खोलीत म्हातारं व्हायचं.

तो त्या काळ्या फोटोकडे बघत राहिला. नेहमीसारखेच काढा.

मग त्याने आयएसओ खाली आणला, म्हणजे फोटोत वाळूसारखे दाणे यायला नकोत. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढवला, भोक लहान झालं. तेवढा उजेड कमी पडणार, म्हणून शटर सावकाश केलं. आणि हे त्याने मेहुण्याचे शब्द आठवून केलं नाही, हात आपोआप गेले. खिडकीवर ऊन येत होतं, ते ढगाआड जाईपर्यंत तो थांबला. श्वास धरून बटण दाबलं.

स्क्रीनवर एक दिवाणखाना उघडला. खिडकी जळली नव्हती, फरशी चमकत होती, भिंती लांब पळाल्या होत्या. आपण असल्या घरात राहतो हे दाजीला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

अंगठा पुसून टाकायच्या बटणावर गेला. त्याने काळा फोटो पुसला.

ऑफिसात साहेबाने फोटो मोठा करून सगळ्यांना दाखवला, आणि तिथल्या तिथे जाहिरातीत टाकला. दाजीची नोकरी पक्की झाली. कोणी हसलं नाही. मेहुणा त्याला जिन्यापाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "दाजी, आजच शिकायचं होतं का?"

बघायला येणाऱ्यांना दार उघडून देणं आता दाजीच्याच गळ्यात पडलं. एक जोडपं आलं. नवऱ्याने खोली पावलांनी मोजायला घेतली आणि लगेच भिंतीशी आला. फोटोत केवढी वाटली होती, असं ती बाई पुटपुटली. उभं राहायला दुसरी जागा नव्हती म्हणून दाजी त्याच कोपऱ्यात, त्याच ओलीला पाठ लावून उभा होता.

"बाकीच्या तर याहून लहान," नवरा म्हणाला. "घेऊन टाकू. जाणार कुठे?" मग सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "फोटो कोणी काढला हो?"

"मी," दाजी म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

बायको खाली बसून भांडी जुन्या कागदात गुंडाळत होती. तिने त्या जोडप्याकडे पाहिलं.

"आमच्याच घरावर हात बसवलाय यांनी," ती म्हणाली, आणि पुढचं पातेलं घेतलं.